मागचं दार

१८ मे २०२५ च्या पहाटे सोलापुरात, अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीत, टॉवेलच्या कारखान्याला आग लागली. ८ माणसं गेली. खुद्द मालक गेले, आणि एक लहान बाळही. राहणं कारखान्यातच होतं. शाळेला सुट्टी होती. मी घरी बसून बातम्या पाहत होतो आणि डोळ्यांपुढं सारखं आमच्या भाईंचं दुकान येत होतं.

आमचं घराणं पिंजाऱ्यांचं. अब्बांनी धनुकली खांद्यावर टाकून कुंडलच्या आसपासची गावं पालथी घातली. भाईंनी मशीन आणलं आणि रस्त्याकडेला पत्र्याच्या शेडमध्ये गादीघर थाटलं. मी बी.एड. करून उर्दू-मराठीचा मास्तर झालो, त्यामुळे कापसाच्या बाबतीत घरात माझं मत कुणी विचारत नाही.

तरी दुपारी गेलो. रोजचंच दुकान, पण त्या दिवशी नीट पाहिलं. ये-जा करायला पुढचं एक शटर. मागच्या खिडकीला चोरांच्या भीतीनं गज ठोकलेले. मीटरचा बोर्ड थेट कापसाच्या गठ्ठ्यांवर. फ्यूज ओढून पाहिला, तर आत जाड तांब्याची तार! बारीक तार सारखी उडते, काम थांबतं, म्हणून कधीतरी घातलेली. अहो, ती तार उडते ती आपल्याला वाचवायलाच. जाड घातली की ती टिकते आणि वायर तापत राहते.

आणि पोटमाळ्यावर पुतण्या झोपतो. लग्नसराईत रात्री उशिरापर्यंत काम चालतं, मग घरी कोण जाणार? शटरला आतून कुलूप, किल्ली उशाखाली.

लोक जुन्या गाद्या पिंजायला आणतात. त्यातून सुया निघतात, दाभण निघतं, एकदा चार आण्याचं नाणं निघालं. मशीनच्या दात्यांवर लोखंड आपटलं की ठिणगी उडते. कापसाची आग लबाड असते. वरवर भडकते, पाणी मारलं की विझल्यासारखी दिसते, पण गठ्ठ्याच्या पोटात धुमसत राहते. गठ्ठा बाहेर ओढून, फोडून, आतपर्यंत भिजवल्याशिवाय ती विझली असं म्हणू नये. हे मला अब्बांनी सांगितलेलं. भाईंनाही सांगितलेलं.

"कुछ नई होता रे. वीस वर्षं झाली," भाई म्हणाले.

"बंब यायचा तो साखर कारखान्याचा, नाहीतर शेजारच्या शहराचा. तोवर काय राहील?"

भाई गादीला टाके घालत राहिले. वनाधिकाऱ्यांना शिकवणारी वन अकादमी आमच्या कुंडलमध्ये आहे. वणव्याचा अभ्यास तिथं होत असेल, गादीघराचा कोण करणार?

संध्याकाळी मी भाभींना सोलापूरची बातमी वाचून दाखवली. फक्त वाचली, वर एक शब्द बोललो नाही. त्या रात्री पुतण्या घरी झोपला.

पुढचं काम पैशाचं होतं. बोर्ड दाराजवळच्या मोकळ्या भिंतीवर घेतला, फ्यूज काढून एमसीबी बसवली. बोर्डला आग लागली तर मेन बंद केल्याशिवाय पाणी मारायचं नाही, हे पोरांकडून दोनदा म्हणवून घेतलं; मास्तरकी जात नाही. वाळूच्या चार बादल्या भरल्या. त्यातल्या एकीत भाई आता विडी विझवतात. विडी दुकानाबाहेर ओढा म्हणून भांडलो, ते भांडण अजून मिटलेलं नाही.

मागं दार पाडायचं ठरलं तेव्हा खरी अडचण आली. मागं आप्पांचा ऊस, पार भिंतीला टेकलेला. ते म्हणाले, "मास्तर, तुमचं दार माझ्या बांधावर? उद्या वाट म्हणाल." त्यांचंही खरं होतं. बांधावरून आमच्याकडं कोर्टकचेऱ्या झाल्यात.

मी म्हटलं, "आप्पा, तुमचा फड तुटला की पाचट पेटतं. ठिणगी आमच्या पत्र्याखाली आली, तर आतून पेटलेला कापूस परत तुमच्याच खोडव्यावर येणार."

ते बराच वेळ भिंतीकडं बघत राहिले. मग म्हणाले, दार करा, पण कडी आतून पाहिजे, आणि एरवी वापरायचं नाही. पुढच्या तोडीनंतर त्यांनी भिंतीलगतची एक सरी मोकळी सोडली आणि तिथलं पाचट न पेटवता कुजवायला ठेवलं.

दार लोखंडी आहे, बाहेरच्या बाजूला उघडतं. गेल्या जुम्म्याला नमाजनंतर सहज गेलो, तर दाराला टेकवून नव्या कापसाचे तीन गठ्ठे ठेवलेले. भाई जेवायला गेले होते. मी बाह्या सरसावल्या आणि गठ्ठे ओढून बाजूला केले.