अम्माने फेडलेले कर्ज

आईची मांडी ही मुलाची पहिली शाळा, असे आपण बयानात ऐकतो, लेखांत वाचतो. ते खरेच आहे. पण या शाळेत नेमके काय शिकवले जाते, हा प्रश्न आपण फारसा विचारत नाही. बहुतेक घरांत तरबियत म्हटले की कलमा, नमाज, सलाम, उजव्या हाताने जेवणे आणि थोरामोठ्यांपुढे आवाज न चढवणे एवढेच डोळ्यांपुढे येते. हे सगळे हवेच. माझ्या अम्मानेही आम्हा तीन भावंडांना ते शिकवले. पण आज पन्नाशीच्या उंबरठ्यावर विचार करते तेव्हा वाटते, आमचा स्वभाव घडला तो तिने डोळ्यांदेखत केलेल्या गोष्टींतून. आणि त्यातही ज्या गोष्टींची तोशीस तिला स्वतःला लागली, त्यांतून.

आम्ही बागवान. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी अब्बांचा फळांचा हातगाडा होता. घरात दखनी, बाहेर मराठी. अम्माने शाळा पाहिली नव्हती. कुरआन नाजिरा पढलेली होती आणि मराठी अक्षरे तिने आमच्याच पहिलीच्या पुस्तकावरून गिरवली होती. फजर झाली की ती माल निवडायला बसे. चांगली फळे एका पाटीत, डागी आणि मऊ पडलेली दुसऱ्या पाटीत. ही दुसरी पाटी गाड्यावर समोरच असे, उघडी, निम्म्या भावाने. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला, आत ओल लागली, तेव्हा ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, अशी विचारणा त्यांनी विक्रेत्याला केली होती. ही हदीस अम्माने कुठल्याशा बयानात ऐकली होती. आम्हाला तिने ती एकदा-दोनदाच सांगितली असेल. पाटी मात्र आम्ही रोज पाहत होतो.

भैया तेरा वर्षांचा असताना एके संध्याकाळी एकटाच गाड्यावर होता. किलोभर चिकू देताना त्याने तळाला चार मऊ चिकू सारले. बाजारात याला कोणी चोरी म्हणत नाही. दांडी मारणे, माल खपवणे ही तर धंद्यातली हुशारी समजली जाते. रात्री अम्माला दुसऱ्या पाटीतले चिकू कमी दिसले. तिने विचारले, त्याने सांगितले. तिने हात उगारला नाही. चार चांगले चिकू त्याच्या हातात दिले आणि त्या गिऱ्हाइकाच्या घरी पाठवले. भैया रडतच परत आला. त्या घरातल्या लोकांना काही कळलेही नव्हते, उलट ते हसले होते. अम्माने त्याला गरम भाकरी वाढली आणि त्या गोष्टीचा पुन्हा कधीही उच्चार केला नाही. चूक दुरुस्त झाली, विषय संपला. मुलाला सुधारायचे, पण चारचौघांत त्याचे नाक कापायचे नाही, हे तिला कोणी शिकवले असेल?

1989 च्या पावसाळ्यात अब्बा गेले. भैया पंधरा वर्षांचा, मी सातवीत, धाकटी बहीण त्याहून लहान. इद्दतीचे चार महिने दहा दिवस अम्मा घरात होती. मामू आणि भैया मिळून गाडा लावत. अब्बा केळी आणि मोसंबी ज्या अडत्याकडून उचलत, त्याची उधारी होती. त्याच्या वहीत 1,600 रुपये निघत होते. अब्बा मात्र रोज रात्री अम्माला तोंडी हिशेब सांगत, आणि त्या हिशेबाने उधारी 2,300 होती. शेवटच्या आजारपणात दोन वेळा उचललेला माल वहीत लिहायचा राहून गेला होता.

आमच्या चुलत्यांनी तिला समजावले. शेठला स्वतःलाच आठवत नाही, त्याला कशाला आठवण करून द्यायची? हे यतीम लेकरांचे पैसे आहेत. त्यांचे म्हणणे दुष्टपणाचे नव्हते. 700 रुपये म्हणजे तेव्हा आमच्या घरचा महिनाभराचा खर्च होता. अम्मा म्हणाली, "लेकरांना मी अर्धी भाकर घालीन, पण त्यांच्या बापाच्या मानेवरचं ओझं तसंच ठेवून पोटभर नाही घालायची."

कुरआनात सूरह निसामध्ये वारसांचे हिस्से सांगताना ते वसियत आणि कर्ज वजा जाता आहेत, हे पुन्हा पुन्हा बजावले आहे. म्हणजे कर्ज फिटेपर्यंत जे घरात उरले आहे, ते सगळे आपले नाही. इद्दत संपल्यावर अम्माने बाजाराकडे पहिले पाऊल टाकले ते अडत्याच्या गाळ्यावर. भैयाला आणि मला तिने मुद्दाम बरोबर नेले. शेठने 1,600 चा आकडा सांगितला, तिने तो दुरुस्त करायला लावला. महिन्याला 100 रुपये याप्रमाणे जवळपास दोन वर्षे ते कर्ज फिटत राहिले. पहिल्या ईदला आम्हाला नवे कपडे झाले नाहीत. दुसऱ्या ईदला धाकटीला तेवढे झाले.

याच काळात नातेवाइकांनी आणखी एक सल्ला दिला होता: मुलीची शाळा सोडवा, घरात हातभार लागेल. अम्माने उलटेच केले. तिने उधारीची वही माझ्या हाती दिली. कुरआनातली सर्वांत मोठी आयत, सूरह बकराची 282 वी, ही देण्या-घेण्याचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल आहे, हे मला फार नंतर कळले. अब्बांचा तोंडी हिशेब आमच्यावर कसा आला असता, हे अम्माने तेव्हाच ओळखले होते. "लिहिता येणारी पोर घरात असताना वही कोरी का ठेवायची?" असे तिने सगळ्यांना ऐकवले, आणि माझी शाळा चालू राहिली. आज मी गणित शिकवते, त्याची सुरुवात त्या वहीत आहे.

अशा आया आपल्या इतिहासात विरळा नाहीत. इमाम शाफई (रह.) अगदी लहान असतानाच वडिलांना मुकले. आईने त्यांना गाझाहून मक्केला आणले. उस्तादाला द्यायला तिच्याकडे पैसे नव्हते, तरी मुलाचे शिक्षण तिने थांबू दिले नाही. आपल्या देशात बी अम्मा, म्हणजे रामपूरच्या आबादी बानो बेगम, तरुणपणीच विधवा झाल्या. त्यांचे स्वतःचे शिक्षण जेमतेम होते. इंग्रजी शिक्षणाला घरातून विरोध होता, तेव्हा त्यांनी दागिने गहाण ठेवून मुलांना बरेलीच्या शाळेत पाठवले. पुढे मौलाना शौकत अली आणि मौलाना मुहम्मद अली जौहर अलीगढला शिकले. मुहम्मद अली तर ऑक्सफर्डपर्यंत गेले. 1917 साली दोन्ही मुलगे सरकारच्या नजरकैदेत असताना बी अम्मा कलकत्त्याच्या मुस्लिम लीगच्या अधिवेशनात बुरख्यातूनच बोलल्या. 1920 मध्ये जामिया मिल्लिया इस्लामिया उभी करणाऱ्यांत मुहम्मद अली होते. त्याग म्हणजे काय, हे त्या मुलांना पुस्तकातून शिकावे लागले नाही. त्यांनी आईचे रिकामे हात पाहिले होते.

प्रामाणिकपणाचे फळ लगेच पदरात पडते, असे मात्र मी सांगणार नाही. दुसरी पाटी समोर ठेवल्यामुळे कितीतरी गिऱ्हाइके शेजारच्या गाड्याकडे वळत. त्या शेठने पुढे भैयाला शब्दावर माल दिला, हे खरे. पण इतर काहींनी त्याला फसवलेही. भैयाने त्यामुळे आपला तराजू बदलला नाही. अम्माने त्याला नफ्याची हमी कधी दिलीच नव्हती. तिने दिला होता तो अल्लाह पाहतो आहे हा विश्वास, आणि तो नफ्या-तोट्याने हलत नाही.

आजच्या आयांपुढचे प्रश्न वेगळे दिसतात. हातात मोबाईल, डोक्यावर क्लासची फी, शेजारच्या मुलाचे टक्के. पण मूल आजही तेच पाहते. दारी कोणी आले की "अब्बा घरात नाहीत, सांग" असे आई मुलाकडून वदवून घेते का? कामवालीचा पगार वेळेवर देते का? मुलीच्या आणि मुलाच्या ताटात सारखेच वाढते का? बसमध्ये मुलाचे वय दोन वर्षांनी कमी सांगून अर्धे तिकीट काढते का? खोटे बोलू नये हा धडा त्या अर्ध्या तिकिटात पुसला जातो.

आणखी एक गोष्ट घरातल्या पुरुषांसाठी. हदीसमध्ये प्रत्येकाला आपापल्या कळपाचा राखणदार म्हटले आहे. त्यात पुरुषही आहे, स्त्रीही आहे. अब्बा रोज रात्री अम्माला हिशेब सांगत, तिचे मत विचारत, तिने निवडलेल्या पाटीला कधी हात लावत नसत. म्हणून आमच्या लेखी तिच्या शब्दाला वजन होते. ज्या घरात आईचा शब्द मुलांसमोर रोज उडवून लावला जातो, तिथे तिच्याकडून तरबियतीची अपेक्षा कशी करायची?

आईवडिलांसाठी कुरआनाने शिकवलेल्या दुआत, त्यांनी लहानपणी आपल्याला वाढवले त्याची आठवण आहे. तिथला 'रब्बयानी' हा शब्द आणि आपला 'तरबियत' हा शब्द एकाच धातूचे आहेत. नमाजनंतर ती दुआ मागताना मला अम्माची शिकवण म्हणून एखादे वाक्य क्वचितच आठवते. अडत्याच्या गाळ्यावर उभी राहून, स्वतःच्या नुकसानीचा आकडा शांतपणे सांगणारी अम्मा मात्र दर वेळी आठवते. अल्लाह तिला जन्नत नसीब करो, आणि आपल्या मुलांना आठवावे असे काहीतरी आपल्या हातून घडवो. आमीन.