बांधावरचं शिंग

१९७२ च्या वन्यजीव कायद्यातली एक तरतूद मला कित्येक वर्षं खटकत होती. रानात गळून पडलेलं सांबराचं शिंगसुद्धा सरकारी मालमत्ता! वाघाच्या कातड्याचं समजू शकतो, त्यासाठी जनावर मरावं लागतं. सांबर मात्र शिमगा झाला की आपणहून शिंगं टाकू लागतं आणि पुढच्या हिवाळ्यापर्यंत नवी मिरवतं. मग पडलेलं उचललं तर बिघडलं कुठं?

आमच्या देवराष्ट्रे-मोहित्यांचे वडगाव पट्ट्यात या रागाला आणखी एक कारण होतं. सागरेश्वर अभयारण्यातली सांबरं-चितळं कुंपणाबाहेर येतात आणि रातोरात पिकं फस्त करतात. पीक गेलं ते माझं आणि बांधावर पडलेलं शिंग तेवढं सरकारचं, हा कुठला न्याय? चारचौघांत मी हे ठासून सांगायचो, आणि माना डोलायच्या.

पुढे कोयनेच्या रानात एका वनरक्षकाबरोबर हिंडताना पाचोळ्यात शिंग दिसलं. बुडाशी खडबडीत कडं आणि एक फाटा जवळजवळ अर्धा गायब. उरलेल्या भागावर पटाशी चालवावी तशा जोडीजोडीने खोबणी. ‘साळिंदर,’ वनरक्षक एवढंच म्हणाला. शिंग म्हणजे निव्वळ हाड, कॅल्शियम आणि फॉस्फरसचा साठा. साळिंदरं ते कुरतडतात, हरणंही चघळतात. घाटमाथ्यावरचा पाऊस मातीतली खनिजं धुऊन नेतो, तिथे असं हाड म्हणजे चैन नव्हे, गरज. ते वाया जातंय असं मी इतकी वर्षं गृहीत धरलं होतं.

तरी साळिंदरासाठी मी कायदा मान्य केला असता असं नाही. पटलं ते बाजाराचं गणित. गळालेल्या शिंगाचं बूड गोलसर असतं, मारलेल्या सांबराच्या शिंगाला कवटीचा तुकडा चिकटलेला राहतो. पण बूड करवतीने उडवलं, सुरीची मूठ केली किंवा शृंगभस्मासाठी जाळलं, की कोण ओळखणार? एके काळी आपल्याकडून गळालेली शिंगं परदेशी जायची, तो व्यापार सरकारने बंद केला. पडलेल्या शिंगाला भाव आला की मारलेल्याचंही त्याच पोत्यात खपतं. आणि २०१० मध्ये झालेल्या सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात वाघ राहायचा तर त्याला खायला सांबर लागणारच.

पिकाचा राग मी सोडलेला नाही. पण तो नुकसानभरपाई वेळेवर मिळावी आणि कुंपण धड असावं यासाठी आहे. शिंगावर तो काढण्यात अर्थ नाही. आणखी एक सल आहे. जुन्या वाड्यांच्या भिंतींवरची शिंगं जाहीर करायला २००३ मध्ये १८० दिवसांची मुदत मिळाली. वाडेवाल्यांना वकील होते. छपराच्या वाशात शिंग खोचून ठेवलेल्या गुराख्याला ही मुदत कुणी सांगितली असेल, असं मला वाटत नाही. वनखात्याने निदान आता ग्रामसभेत येऊन कायदा समजावून सांगावा, एकदम गुन्हा दाखल करू नये.

तोवर आपल्यापुरतं एवढं करा. रानात शिंग दिसलं तर असू द्या तिथंच. बांधावर सापडलं तर घरी नेऊ नका, वनरक्षकाला नाहीतर १९२६ या वनखात्याच्या क्रमांकावर कळवा.