मवाळ

भाकरी मवाळ असते, कलत्या दुपारी ऊन मवाळ होते, रागावलेल्या वडीलधाऱ्या माणसाचा स्वर घटकाभराने मवाळ पडतो. मराठी संसारात हे विशेषण चुलीपासून अंगणापर्यंत आणि अंगणापासून माणसाच्या स्वभावापर्यंत असे सहज ये-जा करीत आले आहे, आणि जेथे ते जाते तेथे बहुधा काही सुखावह घडल्याचीच वार्ता देते. गेल्या शतकाच्या आरंभी मात्र ते राजकारणात शिरले. इंग्रजी वृत्तपत्रांतल्या ‘मॉडरेट’ या विशेषणाला मराठीने नेमस्त आणि मवाळ अशी दोन नावे दिली. पहिल्यात संयम आहे, दुसऱ्यात मार्दव. पण 1907 साली सुरतेस काँग्रेसमध्ये फूट पडली आणि जहालांच्या तेजापुढे मवाळ या शब्दाची कांती अशी काही काळवंडली, की मवाळ म्हणजे भित्रा, मवाळ म्हणजे सरकारचा मिंधा, असा अर्थ सर्रास रूढ झाला आणि तो आजही पुरता पुसला गेलेला नाही.

या शब्दाची फिर्याद ऐकून घ्यावयाची तर ती नाशिकात ऐकावी, असे मला फार वाटते. कारण ज्या जिल्ह्यातल्या भगूर गावी विनायक दामोदर सावरकरांचा जन्म झाला, त्याच जिल्ह्यातल्या निफाडास 18 जानेवारी 1842 रोजी महादेव गोविंद रानडे जन्माला आले. एकाच पाण्यावर वाढलेल्या भूमीने महाराष्ट्राला ज्वाला दिली आणि ऊबही दिली.

न्यायमूर्ती रानडे 1878 साली पुण्याहून बदली होऊन सबजज्ज म्हणून नाशिकास आले, तेव्हा पुण्याच्या सार्वजनिक सभेचे मसुदे लिहून त्यांच्या लेखणीला चांगली धार आलेली होती. हिंदुस्थानाला ब्रिटिश पार्लमेंटात प्रतिनिधित्व मिळावे असा अर्ज या सभेने 1875 सालीच धाडला होता, आणि लगोलग आलेल्या भयंकर दुष्काळात खेडोपाड्यांची हकिकत गोळा करून तिने सरकारदरबारी कैफियतीमागून कैफियती रुजू केल्या होत्या. त्या लेखनात कोठे आदळआपट नाही. पण शेतसाऱ्याचे ओझे किती, धान्याचा भाव काय, मजुराच्या पदरी पडते काय, याचा हिशेब असा चोख मांडलेला, की उत्तर देणाऱ्या अंमलदारास विनयाच्या आडून पळवाट सापडू नये. भाषा मऊ आणि मागणी पक्की, ही त्यांची रीत होती. सरकारला या रीतीचे मर्म पुरते कळले असावे, कारण 1879 साली वासुदेव बळवंत फडक्यांच्या बंडाने मुलूख हादरला आणि पुण्यातले वाडे आगीत जळाले, तेव्हा संशयाची छाया या शांत न्यायाधीशावरच पडली. तातडीच्या हुकुमाने त्यांची धुळ्यास बदली झाली आणि तेथे त्यांचे टपाल फोडून पाहिले जाऊ लागले. ज्याच्या मवाळपणाला धारच नाही त्याची पत्रे कोणते सरकार फोडील? आणि रानड्यांचे मोठेपण असे, की या अविश्वासानेही त्यांच्या स्वरात कडवटपणा आला नाही. ते धुळ्यास गेले, न्यायदान करीत राहिले, आणि लिहीत राहिले.

निफाडच्या हिवाळ्याविषयी ज्याला ठाऊक आहे, त्याला या स्वभावाची खूण लवकर पटेल. मार्गशीर्ष-पौषात तेथील पारा पुष्कळदा महाराष्ट्रातल्या इतर बहुतेक गावांहून खाली उतरतो, आणि कडाक्याच्या थंडीने भरत आलेले द्राक्षमणी तडकतात. म्हणून बागाईतदार पहाटे उठून ठिबकने पाणी सोडतो आणि वेलींच्या ओळींतून काडीकचऱ्याच्या शेकोट्या पेटवितो. या शेकोट्यांचे सारे कसब त्यांना आवरण्यात असते. जाळ उसळला तर पाने करपतात, विझला तर घड हातचा जातो. म्हणून कांबळे पांघरलेला माणूस ओळीओळींतून फिरत कोठे ओला पाला टाकतो, कोठे निखारा उकरतो, आणि धूर व ऊब बागेत जमिनीलगत रेंगाळत राहतील एवढीच धग राखतो. 1901 च्या जानेवारीत रानडे निवर्तले, तेव्हा जन्मभर त्यांच्याशी झुंजलेल्या टिळकांनी ‘केसरी’त लिहिलेल्या मृत्युलेखाचे तात्पर्य हेच होते, की थंड गोळा होऊन पडलेल्या महाराष्ट्राला ऊब देण्याचे कार्य या पुरुषाने केले. जहालांच्या अग्रणीने मवाळांच्या अग्रणीला दिलेली ही सनद आहे, आणि तिच्यावरची मोहोर मला अन्य कोणत्याही मानपत्रापेक्षा मोलाची वाटते.

ज्वालेचा अधिक्षेप करावा असा यात मुळीच हेतू नाही. 21 डिसेंबर 1909 च्या रात्री नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात ‘शारदा’ नाटकाच्या प्रयोगाला आलेल्या कलेक्टर जॅक्सनवर अनंत कान्हेऱ्याने गोळ्या झाडल्या, आणि चारच महिन्यांनी हा कोवळा तरुण आपल्या दोघा सोबत्यांसह ठाण्याच्या तुरुंगात फासावर गेला. प्राणांचे मोल देणाऱ्यापुढे नतमस्तक व्हावे. तराजू घेऊन बसू नये. मला एवढेच सांगावयाचे आहे, की गोळी झाडणारा समोरच्याकडून काही अपेक्षीत नाही आणि मवाळ माणूस सर्वस्वी समोरच्याच्याच विवेकावर भिस्त ठेवतो. मवाळपणा हा मूलतः एक विश्वास आहे. तू माणूस आहेस, तुला न्याय कळतो, म्हणून मी आवाज चढवीत नाही, असे त्यात न बोलता बोललेले असते.

या विश्वासाची सर्वांत कठोर परीक्षा याच नाशिकात, काळारामाच्या दारी झाली. 2 मार्च 1930 रोजी डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सुमारे पंधरा हजार अस्पृश्य बांधवांची मिरवणूक शिस्तीने मंदिरापाशी आली. दरवाजे बंद होते. कोणी त्यांवर धोंडा घातला नाही; मिरवणूक वळून गोदावरीच्या घाटावर गेली, तेथे सभा झाली, आणि दुसऱ्या दिवसापासून सव्वाशे पुरुष व पंचवीस स्त्रिया यांची पहिली तुकडी चारही दरवाजांशी येऊन बसली. ओठांवर रामनाम, आणि ज्याचे नाव घ्यावयाचे तो काळ्या पाषाणाच्या भिंतींआड. रामनवमीला रथ दोन्ही बाजूंनी मिळून ओढावा असे ठरले होते. तो करार मोडला गेला आणि वर दगडांचा वर्षाव झाला. दिंडोरी तालुक्यातल्या आंब्याचे भाऊराव कृष्णाजी तथा दादासाहेब गायकवाड यांनी अशा प्रसंगांतून, मनाई हुकूम आणि धरपकड सोसून, ही तपश्चर्या वर्षानुवर्षे चालविली. त्या लढ्यात सहभागी झालेल्या नाशिकच्या तरुणांत विष्णू वामन शिरवाडकर हे एक होते. पुढे कुसुमाग्रज म्हणून ज्यांची लेखणी पेटती राहिली आणि बोलणे अखेरपर्यंत मृदू राहिले, त्यांच्या शब्दांतले निखारे कोणत्या दारापाशी वेचलेले आहेत, ते नाशिककराला वेगळे सांगावे लागत नाही.

दार उघडले नाही. 1934 साली बाबासाहेबांनी गायकवाडांना पत्राने सत्याग्रह थांबविण्यास कळविले, आणि 13 ऑक्टोबर 1935 रोजी याच जिल्ह्यातल्या येवल्यास, आपण हिंदू म्हणून मरणार नाही, अशी घोषणा केली. मवाळ मार्ग हरला, असा निकाल यावरून देणे सोपे आहे. मला तो अन्यायाचा वाटतो. दाराशी बसलेल्यांनी आपल्याकडून काहीच बाकी ठेवले नव्हते. त्यांनी याचना केली नाही, हात उगारला नाही, हक्क सोडला नाही. त्यांनी आतल्यांच्या माणुसकीवर विश्वास टाकला, आणि आतल्यांनी तो मोडला. विश्वासघात झाला म्हणजे दोष विश्वास टाकणाराच्या माथी मारावयाचा नसतो. येवल्याची ती घोषणाही दगड न उचलता, स्वच्छ आणि निश्चयी शब्दांत झाली. ज्याने दीर्घकाळ थांबून पाहिले आहे त्यालाच पाठ फिरविण्याचा अधिकार निर्विवादपणे प्राप्त होतो. अस्पृश्यांना मंदिरप्रवेश देणारा कायदा मुंबई इलाख्यात 1947 साली झाला, आणि जे सद्बुद्धीने द्यावयाचे ते कायद्याच्या जोरावर द्यावे लागले, ही नामुष्की देणारांच्या नावे कायमची जमा झाली.

म्हणून मवाळपणाचा विचार करताना आपण नेहमी बोलणाऱ्याची झडती घेतो, ते मला उलटे वाटते. झडती ऐकणाऱ्याची घ्यावी. कचेरीच्या खिडकीशी नम्रपणे उभा असलेला खेडूत, घरात स्वर न चढविता आपले मागणे मांडणारी सून, शाळेत एकदाच हात वर करून थांबणारे मूल, यांचे म्हणणे आपण मागे ढकलतो आणि जो टेबलावर मूठ आपटतो त्याचे काम आधी करतो. अशा प्रत्येक वेळी आपण मवाळ माणसाला शिकवीत असतो, की तुझ्या सौम्यपणाला येथे किंमत नाही. मग समाज कर्कश झाला म्हणून हळहळण्याचा अधिकार आपल्याला कसा उरेल? सौम्य शब्द हे बोलणाऱ्याने आपल्यापाशी ठेवलेले अमानत धन आहे, आणि ते पहिल्याच हाकेला परत करणे हे ऐकणाऱ्याचे कर्तव्य आहे.