मामांचा समुद्र आणि लाल दिवा

मुलांनो, आमच्या नाशिकला समुद्र आहे असं सांगितलं, तर तुम्ही मला वेड्यात काढाल. पण माझ्या मामांच्या हॉलमध्ये खरोखरच एक समुद्र आहे. पाच फूट लांब, दीड फूट रुंद आणि दोन फूट उंच! ही आहे खाऱ्या पाण्याची काचेची टाकी. तिच्यात साधारण ४०० लिटर पाणी मावतं. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. म्हणजे मामांच्या टाकीत किती? करा बरं गुणाकार. तब्बल १४ किलो!

मामा मूळचे दापोलीकडचे. लहानपणी त्यांनी मुंबईचं तारापोरवाला मत्स्यालय पाहिलं. मरीन ड्राइव्हवर १९५१ साली ते सुरू झालं होतं. तेव्हापासून त्यांच्या डोक्यात मासे जे शिरले, ते नोकरी संपली तरी निघाले नाहीत. निवृत्त झाल्यावर त्यांनी ही टाकी केली. तिच्यात क्लाउनफिशची एक जोडी होती. तेच ते, तुम्ही ज्याला ‘निमो’ म्हणता. शिवाय माशांच्या अंगावरची घाण खाऊन त्यांना स्वच्छ ठेवणारी एक लाल-पांढरी कोळंबीही होती.

या माशांना २५-२६ अंश उबेची सवय असते. मोठ्या समुद्राचं पाणी सहजासहजी थंड होत नाही. पण हॉलमधला समुद्र केवढासा! निफाडच्या थंडीची बातमी दर हिवाळ्यात पेपरात येते, ती तुम्ही वाचली असेल. तशा रात्री टाकीतलं पाणीही गारठतं. माशाला स्वेटर घालता येत नाही. म्हणून पाण्यात हिटर लावावा लागतो.

डिसेंबर २०१९ मध्ये मामा-मामी एका लग्नासाठी आठवडाभर कोकणात गेले. टाकीची किल्ली माझ्याकडे आली. “सकाळ-संध्याकाळ थर्मामीटर बघ आणि चिमूटभर खायला घाल. बाकी काही करू नकोस,” असं मामांनी बजावलं होतं.

दुसऱ्याच दिवशी पारा २२ वर आला. हिटर बंद पडला होता! मी धावतपळत दुकानात गेले. दुकानदारानं विचारलं, “किती लिटर?” मी आकडा सांगताच त्यानं ५०० वॅटचा हिटर काढून दिला. “मोठाच घ्या ताई, पटकन तापेल.” मलाही ते पटलं. मोठा म्हणजे चांगला, नाही का? शिवाय तो स्वस्तही होता. घरी आणून लावला. त्याचा लाल दिवा लागला आणि माझा जीव भांड्यात पडला.

दोन दिवस सगळं छान चाललं. तिसऱ्या दिवशी सकाळी थर्मामीटर पाहिला, २६ होता. त्या संध्याकाळी मात्र घटक चाचणीचे पेपर तपासायचे होते. मी दारातूनच डोकावले. लाल दिवा दिसला. “चालू आहे,” असं म्हणून कुलूप लावलं आणि निघाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत गेले, तर तो दिवा तसाच लागलेला. थर्मामीटरवर ३३! मोठा क्लाउनफिश तळाशी आडवा पडला होता. कोळंबीही हलत नव्हती. छोटा मासा पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकत होता. पाणी गरम झालं की त्यात प्राणवायू कमी मावतो आणि माशाला तर उलट जास्त लागतो. म्हणून बिचारा धडपडत होता.

मी आधी बटण बंद केलं. बर्फ टाकावासा वाटला, पण एकदम गार केलं तर त्याचाही धक्का बसतो. म्हणून खिडकी उघडली, पाण्यावर पंखा सोडला आणि हवेचा पंप वाढवला. दुपारपर्यंत छोटा सावरला. मोठा मात्र गेला.

आता खरी परीक्षा होती. मामांना काय सांगायचं? खरं सांगते, मनात आलं की तसाच मासा विकत आणून सोडावा, कोणाला कळणार? पण मी रोज वर्गात तुमच्यासारख्या मुलांना ‘खरं बोला’ म्हणते. मी फोन केला आणि संध्याकाळी थर्मामीटर बघितला नव्हता, हेसुद्धा सांगितलं. मामा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “अगं, तू बघायला हवं होतंस, हे खरंच. पण एकाच हिटरवर सगळी टाकी सोडली, ती चूक माझी.”

परत आल्यावर मामांनी तो हिटर माझ्यासमोर ठेवला. आत तापणारी तार आणि दोन धातूंची एक पट्टी होती. ऊब लागली की दोन्ही धातू सारखे प्रसरण पावत नाहीत. त्यामुळे पट्टी वाकते आणि वीज तुटते. गार झालं की ती सरळ होते आणि वीज पुन्हा जोडली जाते. आपल्या इस्त्रीत असते तशीच. पण दर वेळी बारीक ठिणगी उडते. कधीतरी जोडणीची टोकं एकमेकांना चिकटून बसतात. मग हिटर बंदच होत नाही. लाल दिवा फक्त एवढंच सांगतो की वीज चालू आहे. पाणी किती तापलं, ते तो सांगत नाही!

मग मामांनी पाटीवर हिशेब मांडला. ४०० लिटर पाणी एक अंशानं तापवायला सुमारे १६८० किलोज्यूल उष्णता लागते. ५०० वॅटचा हिटर ती ५६ मिनिटांत देतो. २०० वॅटच्या हिटरला मात्र २ तास २० मिनिटं लागतात. शिवाय खोलीची थंडी काही उष्णता परत ओढून घेतेच. म्हणजे लहान हिटर चिकटला, तरी पाणी हळूहळू तापतं आणि आपल्याला बघायला वेळ मिळतो. लिटरमागे एक वॅट हा ढोबळ हिशेब धरला, तर ४०० वॅट हवेत. मग २००-२०० चे दोन घ्यावेत. एक बंद पडला, तर दुसरा थोडी तरी ऊब राखतो.

मामांनी तसंच केलं. शिवाय एक वेगळा कंट्रोलर बसवला. त्याची तापमान मोजणारी वायर हिटरपासून लांब, टाकीच्या दुसऱ्या टोकाला सोडली. कंट्रोलर २६ अंशांवर लावला आणि हिटरच्या चकत्या २७ वर. कंट्रोलर चुकला, तर हिटर स्वतः थांबेल. काचेचा हिटर पाण्याबाहेर तापला तर तडकतो, म्हणून पाणी बदलण्याआधी तो बंद करून थंड होऊ द्यायचा. खाऱ्या पाण्यातून वीज चटकन वाहते, म्हणून मोठ्या माणसानं बटण बंद करून पिन काढल्याशिवाय टाकीत हात घालायचाच नाही. हे मात्र तुम्ही नीट लक्षात ठेवा!

ही सगळी हकिकत मी माझ्या चौथीच्या वर्गाला सांगितली. तेव्हा मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, “बाई, म्हणूनच तुम्ही दोन मॉनिटर नेमता ना? एक आला नाही, तर दुसरा असतो.” लगेच एक मुलगा म्हणाला, “पण दोघंही दंगा करायला लागले तर?” सगळा वर्ग हसला. मी म्हटलं, “म्हणून तर बाई अधूनमधून वर्गात डोकावतात!”

डोकावायचं, पण दारातून नाही, आत जाऊन. वस्तू कितीही चांगली असली, तरी ती कधीतरी बिघडणार, हे धरून चालावं. बिघडली तर काय, याची तयारी आधीच ठेवावी. मामांच्या टाकीशेजारी त्या दिवसापासून एक वही लटकते. तिच्यात सकाळ-संध्याकाळचा आकडा लिहायचा. मामा गावाला गेले की तो मी लिहिते.

आणि हो, त्या छोट्या माशाचं काय झालं? क्लाउनफिश सगळे आधी नर असतात. जोडीतला मोठा मासा मादी होतो आणि ती गेली, तर उरलेला नर मादी होतो. मामांनी नंतर एक लहान जोडीदार आणून सोडला. त्या दिवशी धापा टाकणारा आपला छोटा मासा आता त्या टाकीतली मोठी बाई झाला आहे!