घड की बाळी

द्राक्षाला फूल येतं हे वणीत शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. ते थांबून पाहिलेला माणूस मात्र विरळाच. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर चाळीसेक दिवसांत बाग फुलोऱ्यात येते आणि नेमकं तेव्हाच सगळं घर आभाळाकडे बघत असतं. सप्तशृंगीच्या डोंगरावर ढग टेकला की अण्णांचा आवाज चढायचा. फुलोऱ्यात पाऊस म्हणजे गळकूज आणि डाऊनीचा रोग, म्हणजे वर्षाचं कर्ज. अशा वेळी फुलाचं कौतुक कोण करणार?

लहानपणी माझ्या लेखी फुलं दोनच ठिकाणी होती. एक नांदुरीच्या वाटेवर, गडावर जाणाऱ्यांसाठी मांडलेल्या हारांत, आणि दुसरं आजीच्या दारात, सोनचाफ्यावर. बागेत गळायचं ते हिरवट-तपकिरी भुसकट फूल असेल असं कधी वाटलंच नाही. घडांच्या रांगेतून वाकून गेलं की ते केसांत बसायचं. सुरगाण्याकडून कामाला आलेल्या बायका दुपारी बांधावर बसून एकमेकींच्या डोक्यातून ते झाडायच्या. एवढं खरं, की संध्याकाळी वारा पडला म्हणजे मांडवाखाली एक पुसट गोड वास असायचा. तो कशाचा, हे मी कुणाला विचारलं नाही आणि कुणी आपणहून सांगितलंही नाही.

शाळेत फूल भेटलं ते जास्वंदीचं. महाराष्ट्रातल्या प्रत्येक पोराला फूल जास्वंदीतच भेटतं. निदलपुंज, दलपुंज, पुमंग, जायांग अशी चार घरं बाहेरून आत, वहीत उभा छेद आणि रेघा मारून नावं. जास्वंद शिकवायला सोयीची, कारण तिचं सगळं मोठं आणि उघडं. पण तिच्यामुळे एक समज घट्ट बसतो: फूल म्हणजे पाकळ्या, बाकीचा पसारा त्यांच्यासाठी. हा समज उतरायला मला नाशिकच्या कॉलेजातला सूक्ष्मदर्शक लागला. दिवाळीच्या सुटीनंतर बागेतला एक फुलोरा ओल्या रुमालात गुंडाळून नेला आणि सुईने सोडवत बसले.

द्राक्षाचं फूल ज्वारीच्या दाण्याहूनही लहान. निदलं जवळजवळ नाहीतच, तळाशी नुसती एक कड. पाकळ्या पाच, पण त्या वरच्या टोकाला एकमेकींना चिकटलेल्या. इतर फुलं वरून उमलतात, हे बुडाकडून सुटतं. आतले पाच पुंकेसर लांब होतात, पाकळ्यांची ती टोपी खालून उचकटतात आणि अख्खी टोपी गळून पडते. केसांत बसायचं ते भुसकट म्हणजे या टोप्या. मग उरतं ते बिनपाकळ्यांचं फूल: पाच पुंकेसर, त्यांच्या मध्ये पाच ग्रंथी आणि मधोमध सुरईसारखा अंडाशय. पराग बहुधा त्याच फुलावर किंवा वाऱ्याने शेजारच्या फुलावर पडतो, त्यामुळे कुणाला रंग दाखवून बोलवायची गरज नाही. पाकळ्यांना इथे एकच काम, झाकून ठेवायचं. ऐन वेळी पाऊस झाला तर ओल्या टोप्या सुटत नाहीत, तशाच अडकून बसतात, आणि फळधारणा फसते. अण्णांचा चढलेला आवाज त्या दिवशी मला शास्त्राच्या अंगाने कळला.

सोनचाफा याच्या अगदी उलट. त्यात निदल कुठलं आणि पाकळी कुठली हे वेगळं काढता येत नाही. पुंकेसर ढीगभर आणि स्त्रीकेसर एका दांड्यावर मळसूत्री रचलेले. आम्हाला शिकवलं गेलं की पहिलं फूल बहुधा असंच होतं. २०१७ साली शास्त्रज्ञांच्या एका मोठ्या गटाने आजच्या शेकडो फुलांवरून मागे जात मूळ फुलाचा अंदाज बांधला, तेव्हा ते मळसूत्री नव्हे तर तीन-तीन भागांच्या वलयांचं निघालं. वाद अजून मिटलेला नाही. फुलझाडं पृथ्वीवर एवढ्या झपाट्याने कशी पसरली याला डार्विनने १८७९ साली हूकरला लिहिलेल्या पत्रात घृणास्पद गूढ म्हटलं होतं. म्हातारपणीसुद्धा एखाद्या प्रश्नावर इतकं चिडता यावं, हे मला त्या माणसाचं फार आवडतं.

पण मला जन्मभर पुरला तो प्रश्न बाळीचा, म्हणजे वेल ज्याने आधाराला धरते त्या दोऱ्यासारख्या प्रतानाचा.

वेलीची काडी नीट पाहिली तर दोन लागोपाठच्या पेऱ्यांवर पानासमोर काहीतरी असतं आणि तिसरा पेरा रिकामा जातो. हे काहीतरी म्हणजे खालच्या पेऱ्यांवर घड, वरच्या पेऱ्यांवर बाळी. जागा तीच. कित्येकदा घडाच्या खांद्यालाच एक बाळी फुटलेली असते, आणि एखाद्या बाळीच्या टोकाला चार मणी लागतात. द्राक्षाची बाळी ही मुळात फुलोऱ्याचीच दांडी आहे, हे डार्विननेही वेलींवरच्या पुस्तकात नोंदवलंय. एप्रिलच्या खरडछाटणीनंतर नवी काडी वाढते, तेव्हा तिच्या डोळ्यात एक इवला गोळा तयार होतो. तो घडही होऊ शकतो आणि बाळीही. ऊन, पोषण आणि संप्रेरकं यांवर ते ठरतं. सायटोकायनिनचं पारडं जड झालं तर घड, जिबरेलिनचं झालं तर बाळी. फळ हातात येतं फेब्रुवारी-मार्चमध्ये, निकाल लागलेला असतो आधीच्या मे-जूनमध्ये, आणि तोही डोळ्याच्या आत, बंद दाराआड.

त्या दिवसांत ढगाळ हवा राहिली की ऑक्टोबरमध्ये डोळे फुटतात पण घड गोळी होऊन जिरतात, नाहीतर सरळ बाळी होतात. आमच्याकडे एका साली सबंध प्लॉटवर बाळ्याच बाळ्या आल्या होत्या. आजी म्हणाली, देवीची मर्जी. अण्णा काही बोलले नाहीत. संध्याकाळी ओट्यावर बसून त्यांनी एक बाळी बोटाभोवती गुंडाळली आणि सोडली, पुन्हा गुंडाळली. आता लोक छाटणीआधी काड्या तपासायला देतात. डोळे कापून भिंगाखाली बघतात आणि कितव्या डोळ्यावर काप घ्यायचा ते सांगतात. आजीने यालाही हात जोडले असते.

२००२ साली ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांनी ‘नेचर’मध्ये एक खुजी वेल मांडली. पिनो म्यूनिए या शॅम्पेनच्या द्राक्षाच्या फक्त बाहेरच्या पेशीथरातून ती वाढवलेली. तिच्या एका जनुकात बदल होता, त्यामुळे जिबरेलिनची हाक तिला ऐकूच येत नव्हती. परिणाम असा की जिथे बाळी यायची तिथेही घडच. अण्णांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला, मांडवाला धरणार कशाने?

गंमत अशी की मे-जूनमध्ये ज्याला आवरायला शेतकरी सीसीसी हे वाढरोधक फवारतो, तेच जिबरेलिन डिसेंबरात तो विकत आणून पाण्यात कालवतो. जपानमध्ये भाताची रोपं भलतीच उंच होऊन कोलमडत. त्यामागे एका बुरशीचा स्राव आहे हे कुरोसावाने १९२६ साली दाखवलं. तो स्राव म्हणजेच जिबरेलिन, आमचा ‘जीए’. मणी बाजरीएवढे झाले की बायका कपात द्रावण घेऊन एकेक घड त्यात बुडवत जातात. याचं कारण पुन्हा फुलाच्या रचनेत आहे. अंडाशयाला दोन कप्पे आणि प्रत्येकात दोन बीजांडं, म्हणजे मण्यात जास्तीत जास्त चार बिया. या बियाच मण्याला वाढायचा निरोप देतात. थॉमसन या आमच्या बिनबियांच्या जातीत फलन होतं, बी धरतंही, पण आतला गर्भ लवकरच थांबतो. मण्यात उरते ती मऊ, दाताखाली न येणारी खूण. निरोप देणारं कुणी नसल्यामुळे मणी लहान राहतो आणि तो निरोप आम्ही कपातून देतो. आजीच्या तोंडी भोकरी, फकडी अशी जुन्या द्राक्षांची नावं असायची. मी मोठी झाले ती थॉमसन आणि त्यातूनच निवडलेल्या तास-ए-गणेशच्या मांडवाखाली.

खरं बी मी पाहिलं ते फोटोत, आणि ते सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वीचं होतं. दख्खनचा लाव्हा थांबून थांबून वाहिला. मधल्या विसाव्यात तळी साठली, त्यांच्या गाळात पडलेली फळं-फुलं गारगोटी होऊन राहिली. मध्य भारतातल्या अशा थरांतून आलेल्या द्राक्षकुळातल्या फळांचं वर्णन २०१३ साली प्रसिद्ध झालं. स्टीव्हन मँचेस्टर, भंडाऱ्याचे दशरथ कापगते आणि जुन वेन यांनी त्याचं नाव ठेवलं इंडोव्हायटिस चितळेये. चितळे म्हणजे डॉ. श्यामला चितळे, नागपुरात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या आणि पुढे क्लीव्हलंडच्या संग्रहालयात जीवाश्म-वनस्पतींचा विभाग उभा करणाऱ्या. बी ओळखायची खूण साधी आहे: पोटाकडे दोन खाचा, पाठीवर एक वाटोळा डाग. तीच खूण आजही कुठल्याही बियाळ द्राक्षात दिसते. हे काही आमच्या थॉमसनचं थेट खापरपणजोबा नव्हे, बागेतलं द्राक्ष पश्चिम आशियाकडून माणसाने आणलेलं. तरी त्या कुळातली आजवर माहीत असलेली सर्वांत जुनी फळं दख्खनच्या दगडातून निघावीत, आणि सप्तशृंगीचा कडा त्याच लाव्ह्याचा असावा, हे वाचल्यावर मी बराच वेळ खिडकीतून डोंगर बघत बसले. बांधावरची कांडवेल मग निराळीच दिसायला लागली. ती याच कुळातली. पानासमोर बाळी तिलाही आहे. कुंपणात ती द्राक्षाच्या कितीतरी आधीपासून चढत असणार.

बाग आता भाऊ बघतो. मागच्या फुलोऱ्यात मी त्याला म्हटलं, चितळेबाईंच्या नावाचं बी सापडलं, कारण बी टणक असतं. आपल्या बिनबियांच्या द्राक्षाचं पुढे कुणाला काहीच सापडायचं नाही. घडावरच्या टोप्या बोटाने झटकत तो म्हणाला, “ताई, सापडून काय करायचंय? बी निघालं तर कंटेनर परत येतो.” मग त्याने फोनवर हवामान पाहिलं आणि डाऊनीची फवारणी आज उरकायची की उद्या, यावर आमचं बोलणं वळलं.