शिडाचे माप

आमच्या अण्णांचे सांगलीला कापडाचे दुकान होते. गादीवर बसून ते गिऱ्हाइकासमोर ठाण उलगडत, तेव्हा त्यांचा हात अतिशय हलका चाले. मीटरपट्टीला लावताना कापड जरासे ओढले की मीटरमागे बोटभर तरी वाचते, हे बाजारात कोणाला ठाऊक नव्हते? पण अण्णा म्हणत, "कापड ताणले की माप खोटे बोलते. सुरकुती जाईल एवढाच हात लावावा." 1956 च्या कायद्याने वार जाऊन मीटर आला, तरी त्यांची ही रीत बदलली नाही. वजनमापे खात्याचे निरीक्षक दुकानात येऊन पट्टीवरचा शिक्का तपासत, तेव्हा अण्णा निर्धास्त असत. भीती वाटे ती मला. पुढे कधी काळी त्या निरीक्षकाच्या भूमिकेत मीच उभा राहीन, आणि तेही समुद्राकाठी, शर्यतीच्या नावांची शिडे मोजत, असे कोणी तेव्हा सांगितले असते तर मी हसलो असतो.

व्यवसायानिमित्त मुंबईत स्थायिक झाल्यावर माझी मुलगी कुलाब्याला नौकानयन शिकू लागली. मुले शिकतात ती ऑप्टिमिस्ट नावाची नाव. 1947 साली अमेरिकेत फ्लोरिडामधील क्लिअरवॉटर येथे क्लार्क मिल्स यांनी ती मुलांसाठी आखली; सामान्य घरच्या मुलाला परवडावी म्हणून साध्या प्लायवुडची. लांबी जेमतेम 2.36 मीटर, एकच डोलकाठी आणि एकच शीड. आज जगभर पंधरा वर्षांपर्यंतची मुले तीत बसून शर्यती करतात.

मुले पाण्यात असताना आम्ही पालक किनाऱ्यावर रिकामे बसत असू. एकदा स्पर्धेआधीच्या तपासणीत माणूस कमी पडला, तेव्हा नौदलातून निवृत्त झालेल्या ज्येष्ठ मापकांनी मला हाक मारली, "शेठ, टेपचे दुसरे टोक धरता का?" आम्ही सारे त्यांना कमांडरसाहेब म्हणत असू. गुळगुळीत जमिनीवर शीड पसरले होते. मी नकळत अण्णांसारखा हात फिरवला. कमांडरसाहेब थबकले आणि म्हणाले, "हे कुठे शिकलात?" मी सांगितले, दुकानात. त्यांनी पिशवीतून एक पुस्तक काढून माझ्या हाती दिले. जागतिक नौकानयन संघटनेच्या साधनविषयक नियमांचे ते पुस्तक होते. त्यात शीड कसे मोजावे ते लिहिले होते: मोजण्याच्या रेषेवरच्या सुरकुत्या जातील एवढाच ताण द्यावा. सांगलीच्या गादीवर ऐकलेले वाक्य मी परक्या भाषेत वाचत होतो.

तेथून माझे शिक्षण सुरू झाले. पहिली तीन वर्षे मी केवळ मदतनीस होतो. या कामाची दोन अंगे आहेत. नवी नाव वा नवे शीड नियमांत बसते की नाही हे मोजून प्रमाणित करणारा तो मापक. आणि प्रत्यक्ष स्पर्धेच्या वेळी त्या साधनांत काही फेरफार तर झाला नाही ना हे पाहणारा तो निरीक्षक, ज्याला इक्विपमेंट इन्स्पेक्टर म्हणतात. वजन करण्यापूर्वी नाव पूर्ण कोरडी हवी, कारण मुरलेले पाणीही काट्यावर चढते. ऑप्टिमिस्टचा सांगाडा 35 किलोपेक्षा हलका चालत नाही. हलका भरला तर त्यात भरीचे वजन पक्के बसवावे लागते. टेप पोलादी हवी, कारण कापडी टेप स्वतःच ताणली जाते. काटाही आधी खात्रीच्या वजनांनी पारखून घ्यायचा.

हा सारा खटाटोप कशासाठी, असे कोणीही विचारील. व्यापारी माणसाला याचे उत्तर चटकन पटावे. हलकी नाव, मोठे शीड पैशाने विकत घेता येते. ते घेऊ दिले तर शर्यत मुलांची न राहता बापांच्या तिजोऱ्यांची होईल. सर्वांची नाव एका मापाची असेल, तरच वारा ओळखण्याचे कसब कोणाचे हे ठरते. म्हणून मापकावरही बंधन आहे: जी नाव स्वतःची आहे, स्वतः बांधली आहे, किंवा जिच्यात आपला काही हितसंबंध आहे, ती त्याने प्रमाणित करू नये. माझ्या मुलीच्या नावेला मी कधी टेप लावली नाही.

पुढे एका स्पर्धेत शिडांच्या तपासणीचे टेबल प्रथमच माझ्याकडे आले. तिसऱ्या प्रहरी एक बारा वर्षांचा मुलगा आपले नवे शीड घेऊन आला. त्याचे वडील माझ्या व्यापारातील परिचित. आमची देवघेव वर्षानुवर्षांची. ते मागे उभे होते, काही बोलले नाहीत. पण माझ्या मनात आले, हे शीड सहज पुढे गेले तर लोक काय म्हणतील? त्याची मागची कड मोजली. कमाल मर्यादेपेक्षा 4 मिलिमीटर जास्त भरली. मी पुन्हा मोजली, तेवढीच. "हे चालणार नाही," मी म्हणालो. मुलाने मान खाली घातली. वडील एवढेच म्हणाले, "नियम म्हणजे नियम." त्या क्षणी, खोटे कशाला सांगू, मला स्वतःचा अभिमान वाटला.

दुसऱ्या दिवशी तो मुलगा आपले जुने, मऊ पडलेले शीड लावून पहिल्या शर्यतीत उतरला आणि फार मागे राहिला. त्या दिवशी ती एकच शर्यत झाली. किनाऱ्यावरून ती पाहताना मला आदल्या दिवशीचा माझा हात आठवू लागला. इतर शिडांना मी लावला होता तसा तो हलका होता का? नव्या कापडाला अंगची कडकी असते. तिच्या सुरकुत्या हट्टी असतात. आणि मी कोणाला तरी दाखवण्यासाठी मोजत होतो.

संध्याकाळी तपासणीच्या दालनात मी एकटाच गेलो. ते शीड अजून तेथेच ठेवलेले होते. टेपचे एक टोक पक्के करून, सुरकुती जाईल एवढाच ताण देऊन मी ती कड मोजली. मर्यादेपेक्षा 2 मिलिमीटर कमी. तीनदा मोजली, तीनदा तेच. दाद मागण्याची मुदत संपायला अर्धा तास उरला होता. दालनात दुसरे कोणी नव्हते. अर्धा तास गप्प बसलो असतो, तर ही गोष्ट मी आणि ते शीड यांच्यापलीकडे कोणालाच कळली नसती.

त्या अर्ध्या तासातली पहिली पाच मिनिटे मी कशी घालवली हे सांगताना आजही संकोच वाटतो. मग मी कमांडरसाहेबांना बोलावले. त्यांनी स्वतः मोजले, माझ्याकडे पाहिले आणि म्हणाले, "बाद ठरणारे शीड दुसऱ्याकडून मोजवून घ्यायचे असते. आता मुलाकडे जा."

मी त्या मुलाला आणि त्याच्या वडिलांना गाठून सांगितले, "चूक माझी आहे. तुम्ही दाद मागा." अर्ज वेळेत गेला. निवाडा करणाऱ्या समितीपुढे मी स्वतःविरुद्ध साक्ष दिली: ताण अधिक दिला, दुसऱ्याला दाखवले नाही. समितीने त्या शर्यतीसाठी मुलाला त्याच्या उरलेल्या शर्यतींच्या सरासरीइतके गुण दिले. गेलेली शर्यत परत मिळत नाही. एवढीच भरपाई नियमात आहे.

बाहेर आल्यावर मुलाचे वडील म्हणाले, "तुम्ही माझ्यामुळेच कडक झालात ना?" मी होय म्हणालो. पक्षपाताची धास्ती हाही एक पक्षपातच असतो, हे मला त्या दिवशी उमगले. आपल्या माणसाला झुकते माप देणे जसे पाप, तसे लोकांच्या नजरेसाठी त्याला कमी माप देणेही पापच. दोन्हींत कापड ताणलेलेच असते.

दुकानात ताणलेले कापड गिऱ्हाइकाला बुडवते. येथे त्याने एका मुलाची शर्यत बुडवली. अण्णांनी सांगितले होते ते मला शब्दशः पाठ होते. पण सुरकुती कापडावरची की मनातली, हे आधी पाहावे लागते, एवढे मात्र मला माझ्याच चुकीने शिकवले.

आता बाद ठरणारे प्रत्येक शीड मी दुसऱ्याच्या हाती देतो, आणि निकाल आधी मुलाला सांगतो, मग वडिलांना. पुढल्या हंगामात तो मुलगा नवे शीड घेऊन आला. तीन टेबले मांडलेली होती. तो सरळ माझ्या टेबलापाशी येऊन रांगेत उभा राहिला.