शांततेच्या तंबूतील गुड फ्रायडे

अमेरिकेचा इतिहास वाचताना आमचे मन एका गुड फ्रायडेपाशी अडखळते. तो दिवस होता ११ एप्रिल १८७३. कॅलिफोर्निया व ऑरेगन यांच्या सीमेजवळ, लाव्हारसाच्या काळ्या खडकाळ माळावर वाटाघाटींसाठी एक तंबू उभारला होता. एका बाजूला अमेरिकी सरकारचे शांतिदूत, दुसऱ्या बाजूला मोडोक या छोट्या आदिवासी जमातीचे पुढारी. बोलणी चालू असतानाच गोळ्या सुटल्या. जनरल कॅन्बी आणि मेथडिस्ट धर्मोपदेशक थॉमस ठार झाले. कॅन्बींवर गोळी झाडली ती मोडोकांचा नायक किंटपुआश याने. गोरे लोक त्याला कॅप्टन जॅक म्हणत.

ही हत्या होती, विश्वासघात होता. त्याचे समर्थन आम्ही करणार नाही. परंतु ही कथा त्या तंबूत सुरू झाली नव्हती.

टूली सरोवर आणि लॉस्ट रिव्हर नदी यांच्या काठी मोडोक पिढ्यानपिढ्या राहत. मासे, पाणपक्षी, कंदमुळे आणि पाणकमळाचे बी यांवर त्यांचा निर्वाह चाले. १८५२ साली बेन राइट नावाच्या गोऱ्याने त्यांना वाटाघाटीला बोलावले आणि चाळीसच्या आसपास माणसे मारली. त्याचे जंगी स्वागत झाले. पुढे सरकारनेच त्याला आदिवासींवर अधिकारी नेमले!

१८६४ च्या करारान्वये मोडोकांची भूमी गेली. त्यांना क्लामाथ जमातीच्या मुलखात नेऊन ठेवण्यात आले. परक्याच्या घरी आश्रित म्हणून राहणाऱ्याची जी गत होते, तीच त्यांची झाली. तोडलेल्या लाकडावरूनही तंटे होऊ लागले. अखेर जॅक आपल्या माणसांसह लॉस्ट रिव्हरकाठी परतला. नदीकाठी थोडी जागा मिळावी, एवढीच त्याची मागणी होती.

२९ नोव्हेंबर १८७२ रोजी सैन्य त्यांना हुसकावण्यास आले. मोडोक लाव्हाच्या गुहांत शिरले. बायकामुले सोबत असलेल्या पन्नास-साठ लढवय्यांनी शेकडो सैनिकांना महिनोन्महिने थोपवले. जॅकला तडजोड हवी होती. तेव्हा त्याच्याच साथीदारांनी त्याला बायकी पोशाख चढवून भित्रा ठरवले. विनेमा या मोडोक स्त्रीने शांतिदूतांना आधीच सावध केले होते, पण तिचे कोणी ऐकले नाही.

१ जून रोजी जॅक शरण आला. ज्यांनी त्याला चिथावले होते त्यांतील काही जण सैन्याचे वाटाडे होऊन सुटले. ३ ऑक्टोबर १८७३ रोजी जॅकसह चौघांना फाशी झाली. त्यांची शिरे वैद्यकीय संग्रहालयात गेली. जॅकची कवटी वंशजांच्या हाती पडली ती १९८४ साली. उरलेल्या सुमारे दीडशे जणांना दूर ओक्लाहोमाच्या प्रदेशात धाडण्यात आले. तेथे रोगराईने कित्येक दगावले. परतण्याची मुभा मिळाली १९०९ साली. तोवर परतणारे थोडेच उरले होते.

वाटाघाटींच्या आडून दोनदा रक्त सांडले. एकदा मारणाऱ्याला मान मिळाला, दुसऱ्यांदा फास. फास केवळ मारणाऱ्यांच्या गळ्यात पडला असे म्हणावे, तर मग ती निष्पाप बायकामुले हद्दपार का झाली? गेथशेमाने बागेत पेत्राने उपसलेली तलवार प्रभूने म्यान करायला लावली आणि जखमी दासाचा कान बरा केला. शिष्याला आवरणे आणि शत्रूची जखम भरणे, ही दोन्ही कामे त्याने एकाच रात्री केली. मोडोकांच्या शासकांनी पहिले काम दुसऱ्यांकडून मागितले. दुसरे त्यांनी कधी हाती घेतलेच नाही.

मोडोक मात्र संपले नाहीत. ओक्लाहोमात आणि ऑरेगनात त्यांचे वंशज आहेत. आम्हाला वाटते, गुड फ्रायडेला क्रूसवंदन करताना शेवटची गोळी कोणी झाडली एवढेच विचारून थांबू नये. पहिला शब्द कोणी मोडला, हेही विचारावे.